गुंडोरावांची रूपिन खिंड

चेन्नईत चढ मिळत नाही. सगळं शहर ताटासारखं सपाट, चढ म्हणून काय तो उड्डाणपुलाचा. त्यामुळे आमच्या अण्णा नगरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारे गुंडोराव रोज सकाळी साडेपाचला पाठीवर दहा किलो इडलीचा तांदूळ बांधून जिना चढायचे आणि उतरायचे. एकदा नाही, वीसदा. आणि तेही लिफ्ट धडधाकट चालू असताना. अंगात बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेली लुंगीसारखी वेष्टी आणि पायात डोंगरात घालायचे जाड तळव्यांचे बूट.

आम्ही पहिल्या मजल्यावर. आमची झोपायची खोली जिन्याला लागून. माझा स्वभाव भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. आठ दिवस दात-ओठ खाल्ले आणि नवव्या दिवशी दार उघडून माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्यांना फैलावर घेतलं. मध्येच शब्द सुचेना म्हणून “काय कटकट आहे!” असं मराठीत पुटपुटले. ते धापा टाकत थांबले आणि हात जोडून म्हणाले, “क्षमा करावी, बाई. आवाज होतो, मजला ठाऊक आहे. पण बूट पायास बसविल्याविना जातां येत नाहीं.”

असलं मराठी मी फक्त शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. भांडण तिथल्या तिथे विरलं. मी विचारलं, “जाता येत नाही म्हणजे कुठे?”

“रूपिन खिंड. हिमालयांत. पंधरा हजार दोनशें पन्नास फूट.”

गुंडोराव तंजावरकडचे. कुणी पूर्वज कधीतरी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात मराठी राहिलं, बाकी सगळं तमिळ. जन्मभर नोकरी एन्नोरच्या वीज केंद्रात, यंत्रांवरचे दाब आणि तापमान दाखवणारे काटे बरोबर चालतात की नाही ते तपासायचं काम. गेल्या ऑगस्टमध्ये निवृत्त झाले. लग्न केलं नाही. बहीण-भाऊ नाही. आई होती, राजसबाई, ती दोन वर्षांपूर्वी गेली. मी नाशिकची, इथे येऊन दहा वर्षं झाली, आणि अर्धं आयुष्य सिरुसेरीच्या रस्त्यावर ऑफिसच्या बसमध्ये जातंय. पण कॉलेजात असताना आमच्याकडचे बरेच किल्ले पालथे घातले होते. हे मी चुकून बोलून गेले. झालं, त्या रविवारी गुंडोराव काखोटीला वह्यांचा गठ्ठा मारून आमच्या दारात हजर.

त्या वह्या मी आधी नुसत्या चाळल्या. मग नीट बघितल्या. सगळ्यांत जुनी अठ्ठ्याऐंशी सालची. एका रविवारच्या पुरवणीत त्या खिंडीखालच्या धबधब्याचा फोटो आला होता, तो पहिल्या पानावर चिकटवलेला. धौल्याहून निघायचं, सेवा, मग कड्याला लटकलेलं झाका गाव, तिथून धंदेरस थाच, वरचा धबधबा, रता फेरी, खिंड, आणि पलीकडे उतरून सांगला. कुठे नदी डाव्या हाताला, कुठे पूल बर्फाचा, कुठे पाणी भरून घ्यायचं, सगळं बारीक अक्षरात. दर वर्षाची वेगळी वही, दर वर्षी रेल्वेच्या नव्या वेळा. सदतीस वह्या.

“इतक्यांदा गेलात?” मी विचारलं.

“एकदांही नाहीं.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. सत्याऐंशीत वडील गेले. पुढच्याच वर्षी एका गिर्यारोहण मंडळात यांची निवड झाली, वय तेवीस. घरी येऊन आईला सांगितलं. ती ताटात भात वाढत होती. हात तसाच ठेवून म्हणाली, “नको रे, गुंडू.” तिला रात्री एकटीनं घरात राहायची भीती वाटायची. हे गेले नाहीत. दुसऱ्या एप्रिलमध्ये पुन्हा नवी वही आणली, पुन्हा बेत आखला, पुन्हा जेवताना सांगितलं. पुन्हा “नको रे, गुंडू.” आईसाठी त्यांनी रात्रपाळी कधी घेतली नाही. त्यापायी बढतीही गेली. रात्रपाळी न करणाऱ्याला कोण वर घेणार? एन्नोरहून संध्याकाळची गाडी धरून सातच्या आत घरी. जेवण, बातम्या, आईचे पाय चेपणं. आणि दर एप्रिलला एक वही, एक नकार.

“राग नाही आला?” मी तर नुसतं ऐकूनच तापले होते.

“आला कीं. एके सालीं दोन दिवस जेवलों नाहीं. तीही जेवली नाहीं. मग मीच उठून उपमा केला.” आणि हसले.

आई गेल्यावर वर्षभर त्यांनी रीतीप्रमाणे डोंगर वर्ज्य केला. ते वर्ष संपलं. आता अडवणारं कुणी नव्हतं, आणि वेळही फारसा उरला नव्हता. ट्रेक नेणाऱ्या कंपनीचा नियम होता: निघायच्या दिवशी वय साठच्या वर नको. गुंडोरावांना येत्या ऑगस्टमध्ये एकसष्ट पूर्ण होणार. म्हणजे हा उन्हाळा हुकला की कायमचा हुकला. जानेवारीत त्यांनी सोळा जूनच्या बॅचमध्ये नाव घातलं. खिंड पार करायचा दिवस तेवीस जून.

मी या प्रकरणात स्वतःहून उडी घेतली. कुणी बोलावलं नव्हतं, पण मला कुणाच्या बोलावण्याची गरज लागत नाही. त्यांना जिन्यावरून काढून अण्णा नगरच्या टॉवर पार्कात पळायला लावलं. पाच किलोमीटर पळायला सुरुवातीला पन्नास मिनिटं लागत होती. कंपनीला अडतीस हवी होती. मी बाकावर बसून घड्याळ धरायची आणि ओरडायची. एप्रिलच्या शेवटी सदतीस मिनिटं वीस सेकंद झाली, तेव्हा ते बाकावर कोसळले आणि म्हणाले, “बेस.” थंडीचं जाकीट आणलं, ते अंगाला बसतंय का बघायला एवढ्या उकाड्यात घालणार कसं? त्यांच्याकडे एसी नाही. मग आमच्या हॉलमधला एसी सोळावर लावून, जाकीट, कानटोपी, हातमोजे असा सगळा जामानिमा करून गुंडोराव सोफ्यावर अर्धा तास ध्यानस्थ बसले. माझी मुलगी भव्या शाळेतून आली ती दारातच किंचाळली.

सगळ्यांना मोठं कौतुक होतं. ज्याला त्याला ते सांगत सुटले होते. डॉक्टरांनी छातीचे फोटो बघून पाठीवर थाप मारली आणि तमिळमध्ये म्हणाले, खुशाल जाऊन या. केंद्रातल्या जुन्या लोकांनी फोनवर टाळ्या वाजवल्या. कोइमतूरला त्यांची एक चुलतबहीण असते, श्रीविद्या, ती म्हणाली, जा रे जा, फोटो पाठव. खालचा वॉचमन म्हणाला, सूपर सार. आणि मी? मी तर रोज म्हणत होते. “आता मागे बघायचं नाही, गुंडोराव. खूप झालं दुसऱ्यांसाठी जगून. जा तुम्ही.” असं काहीबाही. मला माझा फार अभिमान वाटत होता.

मेच्या मध्यावर सगळं फिसकटलं.

आईच्या श्राद्धाचा दिवस गुंडोरावांनी आधीच धरला होता. राजसबाई गेल्या त्या ज्येष्ठ शुद्ध नवमीला. गेल्या साली ती तिथी चार जूनला आली होती. तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, हे त्यांना माहीत. म्हणजे यंदा चोवीस मे. श्राद्ध करायचं, मग तीन आठवड्यांनी निघायचं. हिशेब कसा चोख. वर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चोवीस मेच्या पानावर नवमी लिहिलेलीसुद्धा होती. फक्त ते कॅलेंडर तमिळ, रोज एक पान फाडायचं. त्यातले वैकासी, आनी हे महिने सूर्याचे, दर वर्षी त्याच जागी येणारे. त्या कॅलेंडरांना अधिक महिना ठाऊक नाही. साठ वर्षं त्यांच्या शेजारात राहून गुंडोरावांनाही तो आठवला नाही.

सतरा मेच्या सुमाराला त्यांनी चोवीस तारखेसाठी भीमसेनाचारांना फोन केला. हे त्यांच्या मराठी घरांचे उपाध्याय. मी तेव्हा तिथेच होते, सॅकचे पट्टे कसे आवळायचे ते दाखवत. फोन स्पीकरवर होता.

“चोवीस मे?” आचार म्हणाले. “अरे, यंदा ज्येष्ठ दोन आहेत. आतां लागला तो अधिक. अधिकांत वार्षिक श्राद्ध होत नाहीं. निज ज्येष्ठांत करायचं. थांब, पाहून सांगतों.” पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. “तेवीस जून, मंगळवार.”

खिंड पार करायचा तोच दिवस. आचार दोनदा “गुंडो?” म्हणाले.

मग मला कळलं की असं झालं कसं. जन्मभर काटे तपासणाऱ्या माणसाला एक महिना कसा दिसला नाही? तर वडिलांचं श्राद्ध कधी, हे इतकी वर्षं आईच सांगायची. पंचांग तिच्याकडे असायचं, उशाशी. अधिक महिना, क्षय तिथी, सगळं तीच बघायची आणि म्हणायची, “गुंडू, येत्या गुरुवारीं अप्पांचा दिवस.” हे रजा टाकायचे, एवढंच. आई गेल्यावर पंचांग विकत आणायचं कुणाला सुचलं नाही. तिची स्वतःची तिथी सांगायला आता ती नव्हती.

आचार माणूस समजूतदार. सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, “अडचण आली तर शास्त्रांत सोय आहे. त्या दिवशीं नाहीं जमलं तर त्याच महिन्याची वद्य एकादशी, नाहीं तर अमावास्या. तूं चौदा जुलैला अमावास्येस कर. राजसबाई कांहीं रागावणार नाहींत. खुशाल जाऊन ये.”

मी टाळीच वाजवली. “बघा! सुटला प्रश्न.”

“सरि, बरें,” गुंडोराव म्हणाले आणि सॅकचे पट्टे सैल करून बाजूला ठेवले.

त्यानंतर आठवडाभर जिन्यात बूट वाजले नाहीत. मी झोपेतून उठून वाट बघायची. ज्या आवाजासाठी भांडले त्याच आवाजाची. शेवटी वर गेले. ते शांतपणे म्हणाले, “नांव काढून घेतलें मीं. तेवीसला श्राद्ध करितों.”

मग मात्र माझा तोल सुटला. मी काय काय बोलले ते आता लिहायलाही लाज वाटते. तुम्ही भित्रे आहात म्हणाले. आई जिवंतपणी मानगुटीवर बसली होती, आता मेल्यावरही उतरायला तयार नाही म्हणाले. आचारांनी स्वतःच्या तोंडानं मोकळीक दिली, तुम्हालाच मोकळं व्हायचं नाही, असंही म्हणाले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. उलट बोलले असते तर बरं झालं असतं. मी दार आपटून खाली आले आणि महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. जिन्यात दिसले तर मोबाइलमध्ये तोंड खुपसायची.

सोळा जूनला मी ऑफिसच्या बसमध्ये होते आणि मनात येत होतं, आज ही माणसं धौल्याला पोचली असतील. अठराला वाटलं, झाका. मला त्यांचा सगळा मार्ग पाठ झाला होता, आणि त्याचा मला आणखी राग येत होता.

तेवीस तारखेला मी घरून काम करत होते. सकाळी आचार आणि आणखी दोघे वर गेले. दुपारभर वरून तुपाचा, तळणाचा वास येत राहिला. तीनला ते तिघे उतरले. मला बसवेना. चारला मी वर गेले.

दार उघडंच होतं. हॉल धुतलेला, फरशी अजून ओली. भिंतीला टेकून गुंडोराव बसले होते, सोवळ्याचं धोतर तसंच. समोर आईचा फोटो, त्याला तुळशीचा हार. एवढा स्वयंपाक झालेल्या घरात पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. मी खाली बसले. माफी मागायला गेले होते, पण तोंडातून निघालं भलतंच.

“आत्ता तुम्ही खिंडीत असता.”

“नाहीं,” ते म्हणाले. “खिंड सकाळीं नवाच्या आंत पार करितात. मागाहून उन्हानें बर्फ मऊ होतें. या वेळेस पलीकडे रोंटी गाडच्या मुक्कामास उतरून तंबूंत चहा घेत असतों.”

मला रडू आलं. मी म्हटलं, “मग का नाही गेलात? आचारांनी अमावास्या दिली होती ना? धर्माला चालत होतं, आईला चालत होतं, डॉक्टरला चालत होतं. कुणाची अडचण होती?”

ते फोटोकडे बघत म्हणाले,

“आचारांनीं तेवीस जून म्हटलें ना, तेव्हां मजला काय वाटलें सांगूं? बरें वाटलें. वाटलें, अम्मानें नको म्हटलें. दोन वर्षांनीं ऐकलें.” मग म्हणाले, “पुढच्याच क्षणीं त्यांनीं तेंही काढून घेतलें. खुशाल जा म्हणाले.”

“म्हणजे तुम्हाला जायचंच नव्हतं?”

“होतें. फार होतें. माझा सगळा जन्म त्या खिंडींत गेला आहे, शर्मिष्ठाबाई.” त्यांचा आवाज चढला नाही. “जानेवारीपासून मीं किती जणांस सांगितलें मोजा. डॉक्टरास, एन्नोरच्या लोकांस, श्रीविद्येस, वॉचमनास. कंपनीच्या अर्जांत विचारलें होतें, वर फोन लागणार नाहीं, मागें काळजी करणारें कोण. त्या रकान्यांत मी तीन दिवस कांहीं लिहिलें नाहीं. मग श्रीविद्येचा नंबर घातला. तिला विचारलें तर हसली, म्हणाली, घाल कीं, मजला काय. वय साठ. बर्फांत चालणें. एकट्यानें. अस्क्यांनीं, सगळ्यांनीं, जा म्हटलें. आनंदानें म्हटलें. एकासही भीति वाटली नाहीं.”



“सदतीस वर्षें मजला नको म्हणणारें माणूस घरांत होतें,” गुंडोराव म्हणाले. “मी रागावत असें. यंदा एका कोणीं नको म्हटलें असतें, तर मी गेलों असतों.”

“जा” सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हटलं होतं.